कारणाचा रकाना

चिंचवडला पवनेकाठच्या वृद्धाश्रमात सोपानराव ट्रंक ओढत आले, तेव्हा ट्रंकेची दुसरी कडी कुणीतरी न विचारताच धरली. पाहतात तो साठीच्या घरातली एक बाई, डोळे मात्र मोठे मिस्कील.

"धरा की नीट! का बाईमानसाबरुबर चालायची लाज वाटती?"

"लाज कसली... नाव काय आपलं?"

"सरुबाई. चाकनची."

व्यवस्थापक आबाजींनी वही उघडली. नाव, गाव, वय झाले आणि 'येण्याचे कारण' या रकान्यापाशी सोपानराव अडले. पोराला बोल लावायचा नव्हता, कारण त्याचा दोषच नव्हता. ज्योतीराम पिंपरीच्या नव्या कारखान्यात रात्रपाळी करून दिवसा झोपायचा, खोली एकच. म्हाताऱ्याला खोकायचीही चोरी! म्हणून ते आपणहून निघाले होते. शेवटी रकान्यात लिहिले गेले, 'जागेची अडचण'.

"माजंबी तसंच," सरुबाई नंतर म्हणाली. "दोन सुना, एक चूल. कुनी हाकललं न्हाई, पन हात कुठं घालावा त्येच कळंना. हितं निदान चहा माज्याकडं हाय."

आणि ती चहाला बोलवायची तरी कशी! रोज सकाळी ओसरीवर उभी राहून एकेकाला नावाने पुकारायची. "लक्ष्मणराव! सोपानराव! निवला बगा!"

"आज साखर जास्त झाली," सोपानराव कुरकुरायचे.

"साखर तेवढीच हाय... तुमीच गोड बोलाया लागलाय."

या वयात कान तापावेत म्हणजे काय! सोपानरावांना स्वतःचाच भरवसा वाटेना.

एका संध्याकाळी घाटावर तिच्या पायात बाभळीचा काटा मोडला. सोपानरावांनी पाय हातात घेऊन तो अलगद काढला.

"दुखलं?"

"न्हाई..." तिने पाय लगेच मागे घेतला नाही. "हात हलका हाय तुमचा."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांची नावे पुकारून झाली, फक्त त्यांचे नाव आले नाही. चहाचा कप मुकाट्याने समोर आला. "घ्या." बस्स, एवढेच! तिसऱ्या दिवशीही तेच. सोपानरावांचे डोके चालेना. पाय धरला म्हणून रागावली? का खोकला जास्त झाला? विचारायला जावे तर ती पदर सावरून लगबगीने आत.

त्यातच रविवारी ज्योतीराम आला, हसत. "नाना, दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं! आता अडचण कसली? चला घरी."

"मग ही जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल," आबाजी म्हणाले. "राहायचंच असेल तर नवं कारण सांगा."

नवे कारण? असलेले एकुलते एक कारण आठवडाभर तोंड फिरवून होते. सोपानरावांनी वहीकडे पाठ फिरवली. ते खोलीत जाऊन ट्रंक भरू लागले आणि भरलेली ट्रंक त्यांनी ओसरीपर्यंत ओढली. पुढे पाऊल उचलेना, म्हणून दाराआडच उभे राहिले.

बाहेर आबाजींचा आवाज आला. "सरुबाई, सोपानरावांना हाक मारा."

"अवं... ऐकलं का?"

"हे काय? नावानं बोलवा की. सगळ्यांची घेता ना?"

"सगळ्यांची घेते," सरुबाईचा तो मोठा आवाज एकदम खाली आला. "ह्यांचं न्हाई घ्यायची."

सोपानराव जागच्या जागी थिजले. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात ज्योतीरामच्या गेलेल्या आईने त्यांचे नाव कधी उच्चारले नव्हते. नवऱ्याचे नाव कुठली बाई घेते? हे साधे आपल्याला कळू नये! डोळे पुसत ते बाहेर आले.

"आबाजी, कारण लिहा."

"बोला."

"इथं एक जण मला नावानं हाक मारत नाही."

आबाजींचा टाक हवेतच राहिला. "अहो, ही तर तक्रार झाली!"

ज्योतीराम बापाकडे बघत राहिला, मग पदराआड लपलेल्या सरुबाईकडे.

"आईपण घ्यायची नाही," तो हळूच म्हणाला. "लिहा आबाजी, तसंच लिहा."

ट्रंक परत खोलीत न्यायला सोपानराव वाकले. दुसरी कडी कुणीतरी आधीच धरली होती.