डबीतली सोबत

"एवढ्याशा डब्यांत काय ठेवलंय?"

मी मान वर केली. दारात मेकॅनिक उभा होता. केसांत पावसाचे थेंब, हातात पाना... प्रयोगशाळेची खोली ऊबदार ठेवणारं आमचं यंत्र रुसलं होतं, म्हणून त्याला बोलावलं होतं.

अळ्या, मी सांगितलं. डबीत एकच, कारण एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात. आजारी असते ती सुस्त, म्हणून आधी तीच बळी पडते. मग तिच्यातला विषाणू खाणारीच्या पोटात जातो आणि रोग पसरतो. तोच माझा अभ्यास.

"म्हणजे जन्मभर एकटीच?" तो हळहळला.

"एकटी असते ती सुखरूप असते," मी म्हणाले. अळीबद्दलच म्हणाले... बहुतेक.

यंत्र काही लवकर ताळ्यावर येईना. तो येत राहिला, आणि त्याचे प्रश्नही. अळ्या झोपतात का? तुम्हाला इथे कंटाळा येत नाही का? माझं डोकं खाऊ नका, असं मी म्हणायचे. तो गेला की मात्र यंत्राच्या संथ गुणगुणीत त्याचाच आवाज ऐकत बसायचे.

यंत्र दुरुस्त झालं, त्याच दिवशी आजारी अळ्यांच्या फळीवर एक डबी रिकामी दिसली. निरोगी अळ्यांच्या फळीवर एक अळी गलेलठ्ठ होऊन बसली होती.

"सोबत म्हणून हिच्या डबीत ठेवली ती," तो खाली मान घालून म्हणाला.

मी त्याच्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने पाहिलं. पुन्हा इथे पाऊल टाकू नका, असंही बोलून गेले. तो खरंच आला नाही.

काही दिवसांनी ती गलेलठ्ठ अळी मलूल झाली आणि झाकणाशी जाऊन उलटी लटकली; लागण झाल्याचीच खूण. मी तिच्यापाशी बसून राहिले. खोली ऊबदार होती, सगळ्या डब्या नीट झाकलेल्या होत्या, आणि मला त्याची इतकी आठवण येत होती की घास गोड लागत नव्हता.

शेवटी फोन केला. तो धावतच आला, यंत्राला कान लावून उभा राहिला.

"हे तर छान चाललंय. मग बिघडलंय काय?"

"माझं डोकं..." मी डब्यांकडे बघत म्हणाले, "हल्ली कोणी खात नाही."

 तो हळूच स्टूल ओढून बसला. "खाणाऱ्याला लागण होते — तुम्हीच सांगितलंत."

"मग... झाली?"

"पहिल्याच दिवशी," तो म्हणाला, आणि पाना पेटीत ठेवून दिला.