चार वाजून दहा मिनिटांचं विमान

मिस्त्रींच्या घरात बोलण्यापेक्षा आवाजाला मान होता. स्वयंपाकघरात मिक्सर लावला की ते आतल्या खोलीतून सांगत, "बेअरिंग गेलंय." शेजाऱ्याची स्कूटर जिन्याखाली सुरू झाली की न बघता प्लग बदलायला सांगत. चाळीस वर्षं इंजिनांपाशी काढून त्यांचा डावा कान निम्मा गेला होता, पण उरलेल्या दीड कानावर त्यांचा जो भरवसा होता, तो स्वतःच्या डोळ्यांवरही नव्हता. निवृत्तीनंतर विमानांच्या संग्रहालयाने त्यांना बोलावून घेतलं तेही या दीड कानासाठीच.

संग्रहालयाच्या शेडमध्ये महायुद्धातलं एक लढाऊ विमान होतं. एका माणसापुरतं, बारा सिलिंडरचं. भंगारातून आणलेलं ते धूड मिस्त्रींनी तीन वर्षं खपून उभं केलं. सोबत आलेल्या कागदांत त्याच्या शेवटच्या उड्डाणाची नोंद होती. विमान सुखरूप परतलं, एवढंच त्यात होतं. चालवणाऱ्याबद्दल अवाक्षर नव्हतं. जुने कागद असेच असतात म्हणून मिस्त्रींनी ते कपाटात टाकले.

आता हे विमान लोकांसमोर उडणार होतं, आणि उडवणार होती मिस्त्रींची एकुलती एक लेक. एरवी ती मालवाहू विमानं चालवायची. घरात तिला ठमी म्हणत, आणि तिशी उलटली तरी ते नाव सुटलं नव्हतं. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा ती पंखावर उभी होती. आधी नळ्यांतून निळा धूर आला, एकेक सिलिंडर खोकत जागं झालं, आणि मग सगळी बारा एका सुरात आली. तो आवाज कानात शिरत नव्हता, थेट बरगड्यांना भिडत होता. ठमी हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मिस्त्रींच्याही वाहत होतं, पण ते म्हणाले धुरामुळे.

कार्यक्रमाला अकरा दिवस उरले असताना मिस्त्रींनी सगळे प्लग काढून टेबलावर मांडले होते. रंगारी शेपटीवरचा आकडा रंगवत होता. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती. बाहेरून विमान आलं.

म्हणजे आवाज आला. लांबून, मग एकदम जवळून, इतक्या खालून की शेडचे पत्रे थरथरले आणि टेबलावरचे प्लग किणकिणले. दोघं धावत बाहेर गेले. आवाज डोक्यावरून गेला, वर चढला. अंगावर सरसरून काटा यावा असा तो आवाज होता. आकाश मात्र स्वच्छ होतं. त्यात काहीही नव्हतं.

मग इंजिन अडखळलं, दोनदा खोकलं आणि बंद पडलं. पडल्याचा आवाज आला नाही.

"गेलं कुठं?" रंगारी म्हणाला.

मिस्त्री अजून आकाशाकडे कान लावून होते. त्यांना घाम फुटला होता. उजव्या रांगेतलं तिसरं सिलिंडर केसभर मागे पडत होतं, ते त्यांनी ऐकलं होतं. ती खोड त्यांच्या ओळखीची होती. ते इंजिन त्यांचंच होतं, आणि त्याचे चोवीस प्लग आत टेबलावर पडले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिसरं सिलिंडर उघडलं. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगला भिंगाशिवाय दिसू नये अशी चीर होती. तीच घेऊन ठमी उडाली असती. मिस्त्री स्प्रिंग हातात धरून बराच वेळ खाली बसून राहिले. मग त्यांनी नवी बसवली आणि चारला बाहेर जाऊन उभे राहिले.

चार दहाला आवाज आला. आज तो अधिक लांब गेला आणि वळणावर तुटला. पेट्रोल पोचत नव्हतं. मिस्त्रींनी पंप खोलला, तर आतलं रबर कुजलेलं. ते बदललं. पुढच्या दिवशी तेलाचा दाब घसरताना ऐकू आला. तीही नळी बदलली. भीती वाटत नव्हती असं नाही. पण जो आवाज रोज येऊन पोरीचं मरण आधीच सांगून जातो, त्याच्याकडे पाठ कोणता बाप फिरवेल? मिस्त्री वही घेऊन बसत, आवाज टिपून घेत आणि सकाळी तेवढंच दुरुस्त करत.

रंगारी चारच्या सुमारास शेडबाहेर यायचा बंद झाला. आठव्या दिवशी त्याने ब्रश धुता धुता विचारलं, "मिस्त्री, तुम्ही नक्की काम कोणाचं करताय?"

"माझ्या पोरीचं."

"बघा बुवा," रंगारी म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून तो कामावरच आला नाही.

नवव्या दिवशी आवाज अडला नाही. दोन फेऱ्या, चढ, गिरकी, उतार, मग चाकं धावपट्टीला टेकल्याची किंचाळी. ते न दिसणारं विमान शेडसमोर येऊन थांबलं आणि इंजिन शिस्तीत बंद झालं. मिस्त्रींच्या छातीवरची धोंड उतरली. ते आत जाऊन हात धुऊन आले आणि विमान उडायला तयार असल्याच्या कागदांवर त्यांनी सही केली. दहाव्या, अकराव्या दिवशीही तसंच झालं. इंजिन बंद झालं की ते हात धुवायला वळत.

"बाबा, इंजिन कसंय?" ठमीने फोनवर विचारलं.

"आता तुझ्यावाचूनही उडेल."

"मग मी घरीच बसते," ती हसली.

कार्यक्रमाच्या दिवशी कुंपणाला माणसं खेटून उभी होती. मिस्त्रींनी स्वतः ठमीचे पट्टे आवळले. ती म्हणाली, "बाबा, श्वास घेऊ द्या की." त्यांनी एक पट्टा बोटभर सैल केला. तिच्या गालाला ग्रीस लागलं होतं, ते अंगठ्याने पुसलं. मग तिच्या डोक्यावरचं काचेचं छत सरकून बंद झालं.

चार वाजून दहा मिनिटांनी विमान उडालं.

ते माणसांच्या डोक्यांवरून अगदी जवळून गेलं तेव्हा शेकडो माणसं एकदम ओरडली. कोणी कान झाकले, कोणी रडायला लागलं. ऐंशी वर्षांपूर्वीचा तो आवाज जमिनीतून पायांत चढत होता. मिस्त्री डोळे मिटून उभे होते. दोन फेऱ्या. चढ. गिरकी. वहीत लिहिल्याप्रमाणे, तंतोतंत.

"हात हलवला बघा तिने," शेजारची बाई म्हणाली.

चाकं टेकली. विमान शेडसमोर येऊन थांबलं. बावीस मिनिटं झाली होती. इंजिन शिस्तीत बंद झालं. टाळ्या सुरू झाल्या आणि मिस्त्री सवयीने हात धुवायला वळले.

दारात ते थांबले.

छत उघडल्याचा आवाज आला नव्हता.

नवव्या दिवशीही आला नव्हता. दहाव्या, अकराव्या दिवशीही नाही. त्यांनी ऐकलं होतं ते फक्त इंजिन. त्यानंतर थांबून त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

ते धावले.

रुग्णवाहिकेचे डॉक्टर पंखावर चढले, छत सरकवलं, ठमीच्या मानेला हात लावला. मग हातमोजा काढून पुन्हा लावला.

"अंग गार पडायला लागलंय," ते हळू म्हणाले. "ही उतरल्यावर गेलेली नाही. उडाल्या उडाल्याच गेली असावी."

कुंपणापाशी टाळ्या चालूच होत्या.

"मग हे उतरवलं कोणी?" खालून कोणीतरी विचारलं.

मिस्त्री पट्टे सोडवायला आत वाकले. पेट्रोलची चावी बंद होती. बटणं खाली होती. ब्रेक लावलेला होता. ठमीचे दोन्ही हात मांडीवर, पट्ट्यांखाली होते. तिच्यापर्यंत पोचताना त्यांचा हात विमान वळवायच्या दांडीच्या मुठीला लागला.

ती मूठ कोमट होती.