फक्त अंधांना ऐकू येणारी ओळ

"सुगंधाबाई, साइट चालूच हाय. तुमची मयुरी काऊन म्हणते बंद झाली म्हणून?"

सेतू केंद्राच्या निकेशचा फोन आला तेव्हा सुगंधाबाई जेवायला बसत होत्या. ताट झाकून त्या उठल्या आणि शेजारच्या घरातून मयुरीला हाताला धरून केंद्रावर घेऊन गेल्या.

मयुरी जन्मापासून अंध. नागपूरला शिकून संगणकावर काम करायला लागलेली. जिल्ह्याच्या एका सरकारी संकेतस्थळाला कायमचा तपासनीस हवा होता. त्याने रोज साइट संगणकाच्या आवाजात ऐकायची आणि अंधांना कुठे अडतं ते सांगायचं. जागा अंधांसाठी राखीव होती. अट एकच, उमेदवाराने अर्ज त्याच साइटवर स्वतः भरायचा, कुणाची मदत घेतली तर अर्ज बाद. मयुरीने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. दर वेळी संगणक म्हणाला, "जागा भरली आहे. अर्ज घेणे बंद." तेव्हापासून ती घरात कुणाशी बोलत नव्हती. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलसारख्या गावात अशी नोकरी पुन्हा निघणार नव्हती.

आज शेवटचा दिवस होता.

निकेशच्या पडद्यावर अर्ज उघडा होता. सुगंधाबाईंनी चष्मा पुसून तो वरपासून खालपर्यंत वाचला. 'बंद' हा शब्द कुठेच नव्हता.

"आता आवाज लाव."

संगणक बोलू लागला. मयुरी खालच्या बाणाची कळ दाबत एकेक ओळ ऐकत गेली. नाव. पत्ता. दिव्यांगत्वाचा प्रकार. तिने 'अंध' निवडलं आणि पुन्हा बाण दाबला.

"जागा भरली आहे. अर्ज घेणे बंद."

निकेश पडद्याकडे पाहतच राहिला. "इथी तर काहीच लिहून नाई."

"अंधच्या जागी अस्थिव्यंग कर, पोरी," सुगंधाबाई म्हणाल्या.

मयुरीने केलं. या वेळी संगणक सरळ पुढे गेला. "शिक्षण."

"डोळ्याले न दिसणाऱ्या अशा ओळी असतात, बाई," मयुरी म्हणाली. "आमच्या सोयीसाठीच टाकतात. इथी फोटो हाय, तिथी नकाशा हाय, असं सांगाले."

सुगंधाबाई खुर्चीवर टेकल्या. मूलच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. तेव्हा ट्रंक कॉल लावणाऱ्याला एक्सचेंजचा बोर्ड दिसायचा नाही. ऑपरेटर म्हणाली लाइन बिझी, की बिझी. भातगिरणीचे मालक रिसीव्हर धरून ताटकळायचे आणि कधी कधी लाइन मोकळी असायची. कुणासाठी तरी धरून ठेवलेली. अशी तक्रार आली की सुपरवायझर रामाजी आरडाओरडा करत नसत. ते एवढंच विचारत, मग लाइन मिळाली कुणाला?

"चाल पोरी," त्या म्हणाल्या. "चंद्रपूरले जाऊ."

एसटीत मयुरीने चामोर्शीच्या उर्वशीला फोन लावला. तीही अंध, मयुरीच्याच शाळेतली.

"मलेही तसंच सांगतलं कॉम्प्युटरनं," उर्वशी म्हणाली.

"मंग कोणाले बोलली काऊन नाई?"

"काय बोलू? आपल्यासाठी काय नवीन हाय त्यात?"

चंद्रपूरच्या कार्यालयात साइटचं काम पाहणाऱ्या अधिकारी दीपिका मॅडमच्या खुर्चीमागे संकेतस्थळ सर्वांसाठी सुलभ असल्याचं प्रमाणपत्र लावलेलं होतं. मॅडमनी तक्रार ऐकली आणि संगणकाचा पडदा मयुरीकडे फिरवला.

"हे बघा. सुरूच आहे."

"मी काय पाहू, मॅडम?"

मॅडमनी त्या पानाची प्रिंट काढली आणि मयुरीच्या हातात दिली. "ही घ्या. आता तर झालं?"

मयुरीने कागदाची घडी घातली आणि तो सुगंधाबाईंकडे दिला.

"तुम्ही साइट ऐकली हाय का कधी?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"आवाज कुठून लावायचा ते आमच्या ऑपरेटरला, पवनला माहीत."

"अंधांचे किती अर्ज आले?"

"एकही नाही. मागच्या वर्षीही नाही. तक्रारसुद्धा नाही. म्हणून या वेळी इतर दिव्यांगांचे अर्जही घेतले आहेत. अंध कुणी नाहीच मिळालं तर जागा त्यांच्यातल्या एकाला जाईल. नियमच आहे तो. लोक स्वतः पुढे येत नाहीत आणि बोल आम्हाला लावतात."

"साइटवर मजकूर कोण टाकते?"

"साइट नागपूरच्या कंपनीने बनवली. सूचना वगैरे पवन टाकतो. पण मला विचाराल तर हे सेतूवाल्यांचं काम आहे. लोक घरून अर्ज भरायला लागले की त्यांचं दुकान बसतं ना."

पवनला बोलावलं. तो कंत्राटावरचा संगणक ऑपरेटर. लहानपणीच्या पोलिओमुळे पायाला लोखंडी आधाराचा कॅलिपर लावलेला. त्याने आधी मयुरीसाठी खुर्ची ओढली, मग स्वतः बसला.

"मीच तं बोलती केली ही साइट," तो म्हणाला. "पडदा बंद करून चालवून दाखवतो. तुम्हीच ऐका."

पडदा काळा झाला. त्याच्या उजव्या हाताची बोटं बाणाच्या कळीवर टकटक करू लागली. नाव. पत्ता. प्रकार. त्याने 'अंध' निवडलं. मग डावा हात उचलला आणि एक कळ दाबली.

"शिक्षण," संगणक म्हणाला.

"पहा. काहीच नाई. मूलच्या मशीनमधीच गडबड असंन."

"झालं समाधान?" मॅडम उठू लागल्या.

"पवनभाऊ," मयुरी म्हणाली, "आतापर्यंत तुम्ही बाण दाबून राह्यले होते. अंध म्हटल्याबरोबर कळीचा आवाज डावीकडून आला. टॅब काऊन दाबली?"

पवनने मान वर केली नाही. "सवय हाय."

"मंग एकदा बाणानं करा."

त्याचा हात हलला नाही. मयुरीने चाचपत कीबोर्ड जवळ ओढला, मागे गेली आणि बाण दाबला.

"जागा भरली आहे. अर्ज घेणे बंद."

मॅडम पुन्हा खाली बसल्या. पडदा अजून काळाच होता.

"टॅब एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात उडी मारते," मयुरी म्हणाली. "मधातली ओळ वाचतच नाई. तपासाले येणारे टॅबच दाबतात. आम्ही अनोळखी पानावर बाणानं जातो, काही सुटू नये म्हणून."

सुगंधाबाई पवनसमोर जाऊन बसल्या.

"निकेशले गिऱ्हाईक पाहिजे असतं तं त्यानं साऱ्यांनाच अडवलं असतं. मले फोनही केला नसता. कंपनीले ही जागा कोणाले भेटते याचं काय पडलं? आणि मॅडमले आवाज लावताच येत नाई. ही ओळ टाकणाऱ्याले दोन्ही माहीत होतं, आंधळं माणूस कसं ऐकते आणि तपासणारा कसा ऐकते. मंग मी एवढाच विचार केला का आंधळे हटले तं जागा कोणाले? पवन, तूही अर्ज भरला हाय ना?"

पवनने कॅलिपरच्या पट्ट्यावरून बोट फिरवलं.

"भरला हाय, बाई. इतकी वर्षं कंत्राटावर काढली. साइट पहिल्यांदा बोलली तवा मॅडमनं पेढे वाटले. मंग कायमची जागा निघाली आणि म्हणे अंध पाहिजे. मी अपंगही अर्धाच निघालो."

मॅडमनी पडदा पुन्हा सुरू केला.

"वरिष्ठांना कळवावं लागेल," त्या म्हणाल्या. "अर्जाचं आता उद्याच..."

"मुदत आजच संपते. पोरगी आत्ता भरते. आणि उर्वशीसारख्यांसाठी तारीख वाढवा."

मॅडमनी पवनकडे पाहिलं. पवनने ओळ काढून टाकली आणि खुर्ची सोडली. मयुरी बसली. नाव, पत्ता, अंध, शिक्षण. सगळं सुरळीत चाललं. फोटोपाशी संगणक म्हणाला, "बटन." तिने बाण दाबला. "बटन." पुन्हा दाबला. "बटन."

तिचा हात थांबला. "यातलं फोटोचं कोणतं?"

"मधलं," मॅडम वाकून म्हणाल्या.

"सांगू नका, मॅडम. बाद होईन."

सुगंधाबाईंचा आवाज चढला. "हेही तूच करून ठेवलं का रे?"

"नाई, बाई. कंपनीनं पहिलेपासून असंच देल्लं. बटनाले नावच नाई."

"इतक्या वर्षांत तुले कळलं नाई?"

"मले दिसते ना, बाई. मी पाहूनच दाबत होतो."

"म्हणजे मागच्या वर्षीचे अंध उमेदवार इथीच अडकले असतीन," मयुरी हळूच म्हणाली. "तक्रारीच्या पानावर बटनं कशी हायत?"

"अशीच, बिननावाची," पवन म्हणाला.

मॅडमनी मागे वळून भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे पाहिलं.

पवन भिंतीला टेकून उभा होता. "म्हणजे मी ती ओळ टाकली नसती तरी अंधांचा अर्ज आलाच नसता," तो म्हणाला. मग त्याने दुसरी खुर्ची ओढली आणि मयुरीच्या शेजारच्या संगणकावर बसला. एकेका बटनाला तो नाव देत गेला. मधेच एकदा थांबून त्याने डोळे पुसले. त्याच्याकडे फक्त सुगंधाबाई पाहत होत्या.

"आता ऐक," तो म्हणाला.

"फोटो निवडा," संगणक म्हणाला. "सही निवडा. अर्ज दाखल करा."

मयुरीने कळ दाबली. अर्ज गेला.

ती उठली नाही. हात कीबोर्डवरच ठेवून म्हणाली, "पवनभाऊ, आता तक्रारीचं पान उघडा."