तेराव्या बाईची जागा

संस्थेच्या हॉलच्या फरशा मी मोजल्या त्या सतरंज्यांसाठी. लांबीला सव्वीस, रुंदीला चौदा. दोन फुटी, पांढऱ्या, दाराजवळची एक तडकलेली. नवापूरहून अर्ध्या तासावर, डोंगराच्या पायथ्याशी आमची संस्था आहे, आणि तिथल्या कार्यक्रमांची सगळी हमाली गेली सात वर्षं मी एकटी करते. मूळची मी रनाळ्याची, सपाटीवरची. आकडा दिसला की लिहून ठेवायचा ही माझी सवय. त्यामुळे सव्वीस हा आकडा तारखेसकट माझ्या वहीत आहे. मला कुणी वेडी ठरवायच्या आधी ती वही बघावी.

जूनमध्ये तीन दिवस समूहगायनाची कार्यशाळा ठेवली होती. जपानहून तोमोए नावाच्या सत्तरीच्या बाई आल्या होत्या, त्यांच्या आईच्या गावातली भातलावणीची गाणी शिकवायला. शिकणाऱ्या बारा जणी वरच्या पाड्यातल्या. दरवर्षी आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, एका ओळीत उतरणाऱ्या. कल्पना फार चांगली होती. ती रविनाची होती, हे मात्र पत्रिकेत कुठेही छापलेलं नव्हतं.

रविना त्या बारा जणींतल्या पारुबाईची मुलगी. अठ्ठावीस वर्षांची, आणि तिच्या गळ्यावर ती सबंध ओळ चालायची. तिचं गाणं मी फोनवर घेऊन जपानला पाठवलं, म्हणून तोमोएबाई आल्या. मला ‘ताई’ म्हणणारी संस्थेत ती एकटीच. बाकी सगळ्यांची मी मॅडम.

मार्चमध्ये, होळीच्या दिवशी, पहाटे मोहफुलं वेचताना तिला घोट्याला साप चावला. बायकांनी तिला झोळीत घालून संस्थेत आणलं, कारण संस्थेची जीप आजाऱ्यांसाठी आहे. तसं जीपच्या दारावर लिहिलेलंच आहे. पेशंट असल्याशिवाय ती फाटकाबाहेर काढायची नाही, हा नियमही आमचे संचालक भूपेंद्रदादा यांनीच केलेला. त्या पहाटे तेच पाहुण्यांना काठी गावची प्रसिद्ध होळी दाखवायला जीप घेऊन गेले होते.

नवापूरहून दुसरी गाडी येईपर्यंत रविना माझ्या मांडीवर डोकं ठेवून पायरीवर पडून होती. सारखं विचारत होती, ‘गाडी आली का, ताई?’ मी म्हणत होते, ‘आली, नाक्यापर्यंत आली.’ नाक्यावर काहीही नव्हतं. शेवटी शेवटी ती डोळे न उघडता विचारायची आणि मी खोटं बोलायची.

अहवालात दादांनी लिहिलं, उपचारासाठी नेताना वाटेत मृत्यू. नेलंच कुठे होतं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तरी मी मूग गिळून बसले. नोकरी होती. आज ते लिहितानाही माझी मला लाज वाटते.

कार्यशाळेचं बोलावणं घेऊन गेले तेव्हा पारुबाई आधी नाहीच म्हणाली. मग तिने एक अट घातली. ‘गाडी मी नेली’, एवढं दादाने सगळ्या बायकांसमोर म्हणायचं. माफी नको, भरपाई नको. मी शब्द दिला. दादांना दोनदा सांगितलंही. दोन्ही वेळा त्यांनी हात झटकले.

पहिल्या दिवशी तोमोएबाई मोडक्या हिंदीत म्हणाल्या, शेतात उभ्या राहता तशा उभ्या राहा. बायका उभ्या राहिल्या, दोन फरशांना एक. पारुबाई आणि सोनीबाई यांच्यामध्ये दोन फरशा मोकळ्या सोडल्या. त्या पाड्यात ओळीतली बाई गेली की त्या वर्षीच्या आवणीत तिची जागा तशीच ठेवतात. कुणी सरकून भरायची नाही. ओळ मागे मागे जाते, मध्ये एक उघडी पट्टी उरते, आणि ती सगळ्यात शेवटी घरची माणसं लावतात.

हे मी तोमोएबाईंना सांगितलं नव्हतं, आणि त्यांच्याशी माझ्याशिवाय दुसरं कुणी बोलत नव्हतं. त्या ओळीसमोरून चालत गेल्या आणि प्रत्येकीपुढे कमरेत वाकल्या. मोकळ्या जागेपुढेही वाकल्या, आणि तिथे जरा जास्त वेळ.

गाणं सोपं होतं. पारुबाईने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ‘योइशो’ म्हणायचं, आपल्या हैशासारखं, आणि सगळ्यांनी एक पाऊल मागे. दुपारपर्यंत सूर धरला. सोनीबाई तेवढी म्हणत राहिली की तिचा डावा पाय गार पडतोय. डावीकडे ती मोकळी जागा होती. मी पंखा बंद केला. मग मोहफुलांचा गोडसर, आंबूस वास यायला लागला. मोह एप्रिलमध्येच संपतो. मी बायकांच्या पिशव्या पाहिल्या, खिडक्यांबाहेर पाहिलं, आणि विषय सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी भूपेंद्रदादा कॅमेरावाल्याला घेऊन आले. ओळीकडे बघून त्यांनी तोंड वाकडं केलं.

‘मॅडम, ती जागा भरी टाका. फोटोमा दात पडेल तोंडगत दिसस.’

‘ती रविनानी जागा शे,’ मी म्हटलं.

‘मरेल माणूसले जागा लागत नही.’

पारुबाईला अहिराणी पुरती कळते. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हाच हातातली वही भिरकावून द्यायला हवी होती. ती दिली नाही. खाली बसून दातओठ खात मी फरशांवर बारा पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या, बरोबर दोन दोन फरशांवर, दोन्ही टोकांना एक एक फरशी सोडून. बायका पट्ट्यांवर येऊन उभ्या राहिल्या. जागा बुजली. कॅमेऱ्यासाठी पाऊल मागे घ्यायचं नाही, जागच्या जागी गायचं, असं ठरलं.

गाणं संपलं तेव्हा प्रत्येक बाई आपल्या पट्टीवर होती. दोन्ही टोकांना एक एक फरशी होती. आणि पारुबाई अन् सोनीबाई यांच्यामध्ये दोन फरशा मोकळ्या होत्या.

दादा माझ्यावरच खेकसले, पट्ट्या मीच सरकवल्या म्हणून. मी भिंतीपासून मोजायला लागले. मग दुसऱ्या भिंतीकडून मोजलं. मग प्रत्येक फरशीवर खडूची खूण करत मोजलं.

अठ्ठावीस.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कुणाला विचारलं नाही. दादा येताच बारा बायकांसमोर, तोमोएबाईंसमोर, कॅमेरावाल्यासमोर म्हटलं, ‘दादा, होळीच्या दिवशी गाडी कुणी नेली ते यांना सांगा. मग गाणं होईल.’

दादा हसले. त्या हसण्याची मला अजून चीड येते. ते म्हणाले, जी तिच्या नशिबाने गेली तिचं खापर गाडीवर कशाला. मग चपला काढून ते सरळ ओळीत शिरले आणि पारुबाईच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

‘आते मीच उभा ऱ्हास. दखू ही जागा कशी उघडी ऱ्हास.’

कुणी हललं नाही. वास इतका दाटला होता की कॅमेरावाल्याने नाकाला रुमाल लावला.

पारुबाईने सुरुवात केली.

योइशो. बायका एक पाऊल मागे गेल्या. दादाही गेले.

दुसरी ओळ. एक पाऊल मागे. दादांचं पाऊल जड उचललं, चिखलातून काढल्यासारखं. फरशी कोरडी होती. मी नीट पाहिली.

तिसऱ्या ओळीला बायका मागे गेल्या. दादा जागेवरच राहिले.

चौथी ओळ पारुबाईच्या तोंडून निघाली नाही. तिचं तोंड मिटलेलं होतं. ओळ मात्र ऐकू आली.

बायकांनी योइशो म्हटलं. पाऊल मागे.

दादा आता एकटेच पुढे होते. हळूच खाली बसले. उजवा घोटा दोन्ही हातांनी दाबून धरला. मग फरशीवर आडवे झाले आणि डोकं जरा उंच धरलं, कुणाच्या तरी मांडीवर असल्यासारखं.

डोळे न उघडता म्हणाले, ‘गाडी उनी का, ताई?’

सात वर्षांत त्यांनी मला ताई म्हटलं नव्हतं. खिडकीतून समोर जीप दिसत होती, धुऊन पुसून ठेवलेली.

माझी जीभ माझ्याआधी बोलली. ‘आली, नाक्यापर्यंत आली.’

त्याच जीपमधून त्यांना आम्ही नेलं. घोट्यावर खूण नव्हती, रक्तात विष नव्हतं, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. तोमोएबाई ठरल्या दिवशी गेल्या. जाताना त्या माझ्यापुढे वाकल्या, पारुबाईपुढे वाकल्या, आणि हॉलच्या दारात उभ्या राहून आत बघत पुन्हा एकदा वाकल्या.

भूपेंद्रदादा रोज ऑफिसात येतात. सह्या करतात, फोन घेतात, नेहमीसारखं बोलतात. फक्त मध्येच पेन ठेवून डोळे मिटतात आणि गाडीचं तेच विचारतात. दिवसातून आठ वेळा, दहा वेळा. शिपाई घाबरून बाहेर जातो. मी उत्तर देते. दया येते म्हणून नाही. ‘गाडी मी नेली’, हे त्यांनी अजूनही म्हटलेलं नाही, आणि माझा राग जिथल्या तिथे आहे. उत्तर देते, कारण पायरीवर मी तेच उत्तर दिलं होतं.

जुलैत आवणीला मीही पारुबाईच्या शेतात उतरले. घोटाभर गाळ, डोक्यावर घोंगड्या. रविनाची जागा मला माहीत होती, तिच्या डावीकडे पारुबाई, उजवीकडे सोनीबाई. बायका आपापल्या जागी उभ्या राहिल्या, मी अगदी टोकाला. मी सवयीने ओळ मोजली.

सोनीबाईच्या पलीकडे आणखी एक जागा सोडलेली होती. कुणी कुणाला विचारलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी रविनाची पट्टी पारुबाईने लावली. दुसरी पट्टी दादांच्या घरच्यांसाठी तशीच ठेवून सगळ्या घरी गेल्या.