चौघांना माहीत होतं

अंकुश गावित आजारी आहे हे कॉलेजात चौघांना माहीत होतं, आणि तरी कॉलेजला माहीत नव्हतं. हे कसं काय, असा प्रश्न अकरा वर्षांच्या झेलमला पडला होता.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेलं ते कॉलेज तसं मागासलेलं नव्हतं. ग्रंथालयात यंत्रमानव पुस्तकं आणून देत आणि बस उन्हावर धावत. पण पावसाळ्यात वसतिगृहाच्या टाकीत गढूळ पाणी शिरलं आणि गॅस्ट्रोची साथ आली. अंकुश अशक्त झाला, कुणाला न सांगता डोंगरातल्या आपल्या पाड्यावर निघून गेला, आणि तिथून दवाखान्यात पोहोचेपर्यंत उशीर होऊन तो दगावला. त्याच्याच खोलीत राहणारा झेलमचा भाऊ हेमंत वाचला. तो घरी अंथरुणात भिंतीकडे तोंड करून पडून असे.

त्याला भेटायला विमलआत्या आली. ती संगणकशास्त्रज्ञ होती. झेलमने तिला तो प्रश्न विचारला.

"चौघं कोण कोण?" आत्याने विचारलं.

"खानावळीतल्या काकांना माहीत होतं, तो जेवायला येत नाही. डॉक्टरांनी त्याला गोळ्या दिल्या होत्या. वर्गात सर त्याची गैरहजेरी लावत होते. आणि टाकीतल्या संवेदकाने (बदल टिपणारं छोटं उपकरण) पाणी गढूळ असल्याचं नोंदवलं होतं."

"म्हणजे चौथा माणूसच नव्हता," आत्या हळूच म्हणाली. "चल, कॉलेजात जाऊन बघू."

प्राचार्य तडवी मॅडमनी त्यांना सगळं दाखवलं. त्यांचा चेहरा ओढलेला होता. चारही ठिकाणच्या नोंदी चार वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये (संगणकाला काम सांगणाऱ्या सूचनांचा संच) होत्या. महिनाअखेरीला कार्यालयातली माणसं त्या हाताने जुळवून अहवाल तयार करत.

"त्या महिन्याचा अहवाल माझ्या टेबलावर आला, तेव्हा अंकुश जाऊन बरेच दिवस झाले होते," मॅडम म्हणाल्या.

"संगणक तर झटक्यात जुळवतो ना?" झेलमने विचारलं.

आत्याने तिला पडद्यावरच्या नोंदी दाखवल्या. खानावळीत 'अंकुश जी.', दवाखान्यात 'गावित ए. आर.', वर्गात नुसता हजेरी क्रमांक. "तुला कळतं हा एकच मुलगा आहे. संगणकाला वाटतं, तिघं आहेत. म्हणून आधी प्रत्येकाला एकच ओळखक्रमांक (कधीही न बदलणारा, फक्त त्याचाच आकडा) द्यायचा. मग जी गोष्ट जिथे घडते, तिथेच ती एकदा नोंदवायची. पुन्हा उतरवून काढायची नाही. नोंद झाली की अहवालात तेवढाच बदल आपोआप होईल. महिनाभराचं सगळं नव्याने मोजत बसायला नको."

झेलमने थोडा विचार केला. "पण मग कुणाला काय आजार झालाय, ते सगळ्यांना दिसेल."

"नाही. मॅडमना फक्त आकडा दिसेल, की आज इतकी मुलं आजारी आहेत. नाव फक्त डॉक्टरांना."

"आणि आकडा दिसूनही कुणी बघितलंच नाही तर? टाकीचा आकडा दिसतच होता की."

तडवी मॅडमनी खाली बघितलं. मग त्याच म्हणाल्या, "तिचं बरोबर आहे. आकडा वाढला की संगणकाने इशारा द्यावा, आणि त्याला कुणीतरी उत्तर द्यायलाच हवं. काय केलं ते लिहिल्याशिवाय तो बंद होता कामा नये. आणि ते उत्तर मी देईन."

ही व्यवस्था उभी करायला आत्या दिवाळीपर्यंत तिथे राहिली. जुन्या नोंदी जुळवायला कार्यालयातल्या माणसांना बरंच खपावं लागलं. हेमंतही बरा झाल्यावर त्यांच्या मदतीला बसू लागला. अंकुशच्या नोंदी समोर आल्या, तेव्हा तो उठून बाहेर गेला आणि थोड्या वेळाने परत येऊन त्याने त्या जुळवल्या.

पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी इशारा आला. टाकीचं पाणी गढूळ होतं, खानावळीत बरीच ताटं कमी लागली होती आणि दवाखान्यात पोट बिघडलेली मुलं आली होती. एकेक गोष्ट बघितली तर किरकोळ वाटली असती. मॅडमनी ताबडतोब टाकी बंद करायला लावली, टँकर मागवला आणि डॉक्टरांना घेऊन स्वतः खोल्याखोल्यांतून फिरल्या. एक मुलगा पिशवी भरून गावाला निघाला होता. त्याला त्यांनी थांबवून घेतलं. आजारी पडलेली सगळी मुलं बरी झाली.

त्याच वर्षी अंकुशची धाकटी बहीण शारदा कॉलेजात आली. तिची पेटी खाली ठेवून तिचे वडील मॅडमच्या दारात बराच वेळ उभे राहिले. हेमंतला भेटायला आलेली झेलम तिथेच होती.

"मॅडम," ते म्हणाले, "हिला काही झालं, तर तुम्हाला कळेल का?"

"डॉक्टरांकडून त्याच दिवशी कळेल," मॅडम म्हणाल्या. "आणि तुम्हाला कळवायला माणूस पाड्यावर येईल."

वडिलांनी मान डोलावली. मग वाकून पेटी उचलली आणि ती आत नेऊन ठेवली.