डोर पाण्यात आहे तोवर

बळवंतराव सबनिसांना नदीवर कधी भीती वाटली नव्हती. पंधरा वर्षं ते दर रविवारी ओखल्याच्या पुढे, फरीदाबादच्या बाजूला, यमुनेच्या एकाच वळणावर गळ टाकून बसत आले होते. तिथल्या पाण्याचा त्यांना हिशेबच नव्हे, तर स्वभावही ठाऊक होता. त्यामुळे एकाहत्तर सालच्या जानेवारीत, त्या रविवारी सकाळी, सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधून ते निघाले तेव्हा अगदी भाजी आणायला निघाल्यासारखे निघाले.

मागोमाग जयंता होता. जयंता म्हणजे त्यांच्या बायकोचा, कुमुदताईंचा, एकुलता एक भाऊ. आईवडील लवकर गेले, कुमुदताईंनीच त्याला लहानाचा मोठा केला. सहा महिन्यांपूर्वी फरीदाबादच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून तो नाशिकहून यांच्याकडे राहायला आला होता.

"चार वाजता करोलबागेत पोचायचंय," कुमुदताई दारातून म्हणाल्या. "मुलगी बघायला जाताना हाताला माशाचा वास नको."

"बाराला घरी," बळवंतराव म्हणाले.

"तुमचे बारा मला माहीत आहेत. अहो, याला नीट आणा परत. पोहायला येत नाही त्याला."

"ताई, मी पोहायला चाललोय का?" जयंता हसला. "आज भाऊजींना मी नावेत बसवणार आहे. पंधरा वर्षं चिखलात बसून कंटाळले असतील."

त्या नदीवर दोन जाती होत्या, काठवाले आणि नाववाले. काठवाले एका जागी बसत, नाववाले फिरत. दोघांचं एकमेकांवाचून चालत नसे आणि पटतही नसे. भांडणं होऊ नयेत म्हणून कुणीतरी, कधीतरी काही रीती पाडल्या होत्या, आणि त्या दोन्हीकडचे पाळत. काठावरच्या माणसाचा गळ जिथवर पोचतो तिथवरचं पाणी त्याचं. नावेनं त्या पाण्याबाहेरून जायचं, आणि जाताना वल्ही वर उचलायची, मासा बिचकू नये म्हणून. धुकं असेल तर नाववाल्यानं हाक द्यायची, "नाव!" आणि काठावरच्यानं उत्तर द्यायचं, "डोर!" म्हणजे नाववाल्याला कळे, की इथे काठ आहे, माणूस आहे, दोरी पाण्यात आहे.

आणखी एक रीत होती. नाववाल्याला तुमच्या जागी उतरायचं असेल तर तो विचारी. मग काठावरच्यानं आपली दोरी गुंडाळायची आणि त्याला हात देऊन वर घ्यायचं. हाताला नाही कुणी म्हणत नसे. मात्र डोर पाण्यात आहे तोवर नाववाला थांबे. कितीही घाई असो, थांबे.

हे सगळं बळवंतरावांनी बसमध्ये जयंताला सांगितलं.

"म्हणजे आपलं ऑफिसच झालं की," जयंता म्हणाला. "साहेब फायलीवर असतील तोवर बाहेर बाकावर बसा."

"हस. पण पाळ."

घाटावर उतरले तेव्हा धुकं इतकं होतं की हरनामच्या चहाच्या टपरीतला स्टोव्ह तेवढा निळा दिसत होता. हरनामनं दोन ग्लास पुढे केले. "आज नाव में, सबनिस साहब? सूरज किधर से निकला?"

"निकला कहाँ है अभी," बळवंतराव म्हणाले, आणि सगळे हसले.

जयंतानं एका नावाड्याकडून नाव मागून ठेवली होती. छोटी, दोघांपुरती. बळवंतराव पुढे बसले, गळाची काठी मांडीवर आडवी धरून. जयंता वल्ही मारू लागला. चार हात गेले असतील नसतील, काठ नाहीसा झाला. वर पांढरं, खाली पांढरं, मध्ये वल्ह्यांचा चुबुक चुबुक आवाज. ओल्या गवताचा, राखेचा आणि थंड चिखलाचा वास.

बळवंतरावांना मजा वाटली. "जयंता, बरं आहे रे हे. पाठ दुखत नाही."

अर्ध्या तासानं जयंतानं वल्ही आत घेतली. आता ते मधल्या प्रवाहात होते आणि नाव आपोआप, हळूहळू खाली वाहत होती. बळवंतराव गळाला कणीक लावत होते.

तेव्हा हाक आली.

"नाव!"

लांबून आली. स्वच्छ, जरा थकलेली.

पंधरा वर्षांची सवय काय असते पाहा. बळवंतरावांनी मान वर केली नाही, गळावरची बोटं थांबवली नाहीत, आणि खणखणीत आवाजात उत्तर दिलं.

"डोर!"

जयंता फिस्सकन हसला. "भाऊजी, काय हे? आपण नावेत आहोत. तुम्ही काठवाल्यासारखं काय उत्तर देताय?"

बळवंतरावांनी कपाळावर हात मारला. "अरे हो की! बिचारा समजेल इथे काठ आहे म्हणून."

"सांगा त्याला."

त्यांनी तोंड उघडलं, पण त्याआधी धुक्यातून पुन्हा आवाज आला. या वेळी जवळून. आवाजात इतका आनंद होता की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा.

"मिल गया... किनारा मिल गया..."

मग ती नाव दिसली. प्रवाहाच्या खालच्या अंगानं येत होती, म्हणजे पाण्याच्या उलट. आणि तिची दोन्ही वल्ही वर उचललेली होती. रीतीप्रमाणे. वल्ही वर, पाणी उलटं, आणि तरी नाव सरळ, सावकाश, यांच्याकडे चढत येत होती.

बळवंतरावांनी ते पाहिलं आणि बराच वेळ त्यांना ते कळलं नाही. मग कळलं.

नावेत एकच माणूस होता, अंगावर काळपट घोंगडी. तोंड धुक्यात. त्याच्या वर धरलेल्या वल्ह्यांतून पाणी गळत होतं. थेंब थेंब नव्हे, धार. उचललेल्या वल्ह्यातलं पाणी किती वेळ गळेल? हे थांबतच नव्हतं.

"उतरूँ, भाई साहब?" तो अदबीनं म्हणाला.

दोन हातांवर नाव थांबली. घोंगडीतून एक हात पुढे आला, काठावर चढणारा माणूस पुढे करतो तसा. तळहात पांढरा, बोटांची टोकं भिजून सुरकुतलेली.

"बहुत दिन हुए..." तो म्हणाला. "कोई जवाब नहीं देता था।"

जयंता चांगल्या मनाचा मुलगा. थंडीनं काकडलेला माणूस पाहून त्याचा हात आपोआप पुढे गेला. बळवंतरावांनी तो फाडकन खाली मारला.

"भाऊजी!"

"गप. हात दिलास तर तो इथे उतरेल. नाव दोघांची आहे."

"मग?"

"मग तिघांतला एक..." पुढचं ते बोलले नाहीत. जयंतानं पाण्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा एकदम लहान दिसायला लागला.

पण बळवंतराव डगमगणारे नव्हते. समोर जे काही होतं ते रीत पाळत होतं. वल्ही उचलत होतं, विचारून थांबत होतं. रीत पाळणाऱ्याशी रीतीनं वागता येतं. त्यांनी काठी उचलली आणि दोन नावांच्या मध्ये गळ टाकला. टुबुक.

"डोर पानी में है," ते म्हणाले.

हात थांबला. मग हळूहळू घोंगडीत परत गेला.

"जी... अच्छा। मैं रुकता हूँ।"

"जयंता," बळवंतराव मान न वळवता म्हणाले, "वल्ही मार. डाव्या हाताला काठ आहे. घाई नको, माझी दोरी पाण्याबाहेर येता कामा नये."

जयंता वल्हवू लागला. दात वाजत होते, पण हात चालत होते. ती नाव मागून येत राहिली, दोरीच्या टोकापासून बरोबर एक हात दूर. जयंता थांबला की थांबे, निघाला की निघे. एकदाच, अगदी हळू, त्या माणसानं विचारलं, "अभी देर है?"

"है," बळवंतराव म्हणाले.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी नावेचं नाक बळवंतरावांच्याच वळणावरच्या चिखलात रुतलं. जयंता धडपडत उतरला, गुडघाभर पाण्यातून वर चढला. बळवंतराव उतरले ते पाठमोरे, दोरी सांभाळत. खऱ्या काठावर उभे राहिले तेव्हा त्यांना कळलं, की आता खरी अडचण आहे. दोरी गुंडाळली की तो उतरणार. आणि दोरी न गुंडाळता घरी कसं जायचं?

त्यांनी काठी चिखलात खोल खोचली, दोन दगड लावले. दोरी पाण्यात तशीच ताठ.

धुक्यात, एक हात पलीकडे, वल्ह्यांतलं पाणी गळत होतं.

"आप समेट लीजिए," आवाज आला. "मैं बैठा हूँ।"

"अभी नहीं," बळवंतराव म्हणाले, आणि जयंताला दंडाला धरून वर घेऊन गेले. मागे पाहिलं नाही.

बरोबर बाराला दोघं घरी होते. बळवंतराव कुमुदताईंना म्हणाले, काठी विसरली, धुक्यात. चारला करोलबागेत पोचले. मुलगी पद्मजा, शाळेत शिकवणारी, हसरी. जयंता सुरुवातीला गप्प होता, पण तिनं विचारलं, "तुम्ही मासे पकडता म्हणे, आणि मासे कुठे आहेत?" तेव्हा तो मोकळा हसला. बुधवारी होकार आला. लग्न वैशाखात ठरलं. कुमुदताईंनी त्याच दिवशी साड्यांची यादी करायला घेतली.

बळवंतराव आठवडाभर फायलींवर सह्या करताना मधूनच मनाशी हसत. काय वाटलं होतं त्याला? नियमाला नियम. नोकरीत वीस वर्षं उगाच नाही काढली.

पुढच्या रविवारी ते एकटेच निघाले. पिशवीत तारेचं भेंडोळं होतं. काठी एका खुंटाला पक्की बांधून टाकायची, दोरी पाण्यात राहू द्यायची, कायमची. त्या वळणाला रामराम. नदीवरचा कुठलाही गळवाला दुसऱ्याच्या पाण्यातल्या दोरीला हात लावत नाही, अशी त्यांची खात्री होती. आणि ती खरीही होती. आठ दिवस कुणी हात लावला नव्हता.

आज ऊन होतं. नदी चकचकत होती. काठी जागेवर नव्हती.

ती हरनामच्या टपरीला टेकून उभी होती. दोरी नीट गुंडाळलेली.

"साहब, आपकी छड़ी," हरनाम अभिमानानं म्हणाला. "हफ़्ते भर से पानी में पड़ी थी। सड़ जाती। आज सुबह मैंने समेट दी।"

बळवंतरावांनी गुंडाळलेल्या दोरीला हात लावून पाहिला. "कधी... कितने बजे?"

"उजाले से पहले। और वो आपके मेहमान भी मिल गए।"

"कोण मेहमान?"

"पानी की तरफ़ से ऊपर आए। कंबल में, पूरे भीगे हुए। पूछा, जिन साहब ने जवाब दिया था, वो कहाँ रहते हैं। मैंने बताया, सरोजिनी नगर, मराठी साहब, आख़िरी लाइन।" हरनामनं स्टोव्हला पंप मारला. "अजीब आदमी थे। तीन गिलास चाय ली, पी एक भी नहीं। बस दोनों हथेलियों में पकड़कर बैठे रहे। ठंडी हो गई तो बोले, और गरम दो। फिर पहली बस में बैठ गए।"

परतीची बस वीस मिनिटांनी होती. ती वीस मिनिटं आणि पुढचा तास बळवंतराव कसे जगले ते त्यांचं त्यांना माहीत. क्वार्टरच्या पायऱ्या त्यांनी धावत चढल्या.

कुमुदताई तांदूळ निवडत होत्या. घर शांत होतं, रेडिओ चालू होता. "आज लवकर?"

"कुणी आलं होतं?"

"हो, आले होते एक गृहस्थ. तुम्हाला विचारत होते. दारातच उभे, आत येईनात. शेवटची पायरी मोडकी आहे ना आपली, त्यांना चढवेना, तर जयंतानं हात दिला."

"आणि?"

"आणि काय? मी पाण्याचा तांब्या घेऊन आले तोवर गेलेसुद्धा. विचित्रच. एवढा भिजलेला माणूस, आणि पायरी बघा, कोरडी ठणठणीत."

"जयंता कुठे आहे?"

"आत बसलाय. त्याला बाई एकाएकी थंडी वाजतेय."

बळवंतराव आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेले. खिडकीतून ऊन येत होतं. जयंता खाटेच्या कडेवर बसला होता, खांद्यावरून चादर घेऊन, पाठ ताठ. समोरच्या स्टुलावर चहाचे दोन कप होते, काठोकाठ भरलेले, साय धरलेले. तिसरा त्यानं दोन्ही तळहातांत घट्ट धरला होता आणि तो पीत नव्हता.

"जयंता," बळवंतराव अगदी हळू म्हणाले.

त्यानं मान वळवली. ओळखीचं, मोकळं हसला. अदबीनं जरा सरकून खाटेवर त्यांना जागा करून दिली.

"ताई," तो आतून हाक मारत म्हणाला, "हा गार झाला. आणखी एक गरम दे."