न उतरलेला ताप

"माह्या नातीले सुनेनंच मारलं का, एवढं सांगा!" खामगावच्या त्या लहानशा ऑफिसात पुंजाजी टेबलाला धरून उभे होते.

खासगी तपासनीस संजीवनी इंगळे यांनी वही उघडली. त्यांचा सहायक शेखर मनात म्हणाला, यात तपास तो कसला? सहा वर्षांची छकुली मलेरियानं गेली. आईनं गोळ्याच दिल्या नाहीत, असं गावचा डॉक्टर सांगत होता. संग्रामपूरकडचं पुंजाजींचं अख्खं गाव बाईच्या नावानं थुंकत होतं.

गावात छकुलीची आई धम्मशीला घराच्या भिंतीला टेकून बसली होती. "समद्या गोळ्या देल्या, ताई. तरी ताप उतरे ना. वरून हगवण लागली. डाक्टरपाशी परत नेलं, तं मलेच झापलं. मंग मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं रक्त घेतलं, अन् सकाळी लेकरू गेलं."

डॉक्टरच्या लॅबमधला प्रज्वल चाचरत बोलला. "परत आणली तेव्हा मी रक्त पाहिलं होतं. मलेरिया औषधालाही नव्हता. सरांना तसं सांगितलं."

दवाखान्यात डॉ. हरिओम खुर्चीतून उठलेही नाहीत. "गोळ्या दिल्या नाहीत तिनं. त्यात अंगात दोन-दोन जंतू. कोण वाचवणार?"

शेखरला वाटलं, संपलं प्रकरण. संजीवनींनी मात्र मोठ्या दवाखान्यात एक फोन लावला आणि डॉक्टरला पुंजाजींच्या अंगणात बोलावलं. गाव जमलं.

"गोळ्या दिल्या नसत्या, तर रक्तातला मलेरिया गेला कसा?" त्यांनी विचारलं. "गोळ्यांनी काम केलं. तरीही ताप होता, हगवण होती. म्हणजे आजार दुसरा होता. मलेरियानं खिळखिळ्या झालेल्या आतड्यातून जिवाणू रक्तात उतरले होते. त्यांना मलेरियाची गोळी मारत नाही."

"हा तुमचा अंदाज!" डॉक्टर ओरडला.

"मोठ्या दवाखान्यानं घेतलेल्या रक्तात तेच जिवाणू वाढले. निकाल पोरगी गेल्यावर आला आणि तो त्यांनी फक्त तुम्हाला कळवला. घरच्यांना सांगायचं तुम्ही कबूल केलंत. नाहीतर 'दोन जंतू' तुम्हाला कुठून ठाऊक? चूक कुणाचीही होते, डॉक्टर. तुम्ही मात्र ती झाकायला एका आईला खुनी ठरवलंत!"

डॉक्टर गर्दीतून वाट शोधू लागला, पण कुणी हललं नाही.

पुंजाजी सुनेपुढे हात जोडून उभे राहिले. "बाई, चुकलो मी."

धम्मशीलानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती डॉक्टरसमोर गेली.

"त्या दिवशी म्या तुमचे पाय धरले होते," ती म्हणाली. "तुमी तिच्या पोटाले हात बी नाही लावला."